दगडी बराकीतला कडुबा

दगडी बराकीत सांगण्यासारखं काहीच घडलेलं नव्हतं, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू झाली.

तनुजा शहरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायची. छावणीतली ती लांबट, जाड भिंतींची, कौलारू बराक एका खासगी संस्थेनं दुरुस्त करून लोकांसाठी खुली करायचं ठरवलं, तेव्हा फलक लिहिण्याचं आणि रविवारी येणाऱ्यांना माहिती सांगण्याचं काम तिच्याकडे आलं. तिनं ते मनापासून केलं. सुट्टीत हैदराबादला जाऊन आली, छावणीतल्या जुन्या माणसांना भेटली, मिळतील ते नकाशे आणि अहवाल वाचले. त्यातून एवढंच निघालं की निजामाच्या चाकरीतल्या पलटणीसाठी इंग्रज अधिकाऱ्यांनी ही बराक बांधली. घोडदळाची माणसं इथं राहत, एका टोकाला खोगिरं आणि दाणा ठेवत. पटकीची साथ आली तेव्हा इथं आजारी शिपाई झोपवले. पुढं निजामाच्या शेवटच्या वर्षांत कडब्याचं कोठार झालं, पोलीस ॲक्शननंतर काही काळ पोलीस राहिले, बहात्तरच्या दुष्काळात सुकडीची पोती साठवली, आणि अगदी अलीकडे निवडणुकीच्या मतपेट्या.

अठराशे सत्तावन सालात छावणीतल्या घोडेस्वारांनी बंड केलं होतं आणि त्यातल्या काहींना तोफेच्या तोंडी दिलं होतं, हे खरं. पण त्यातलं काही या बराकीत घडल्याचा पुरावा तिला कुठंच मिळाला नाही, आणि तिनं फलकावर तसं लिहिलं.

संस्थेचे सचिव अप्पाराव यांची जालना रोडवर दोन हॉटेलं होती. फलकांचा मजकूर वाचून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, मेहनत केली तुम्ही, नाही म्हणत नाही. पण सुकडीची पोती वाचायला कोण थांबंल? लोकांना स्टोरी लागते. बघा ना काही निघालं तर."

"नाही निघत, अप्पाराव. मी सगळं बघितलं."

"बघा अजून," ते म्हणाले आणि फोन आला म्हणून बाहेर गेले.

बराक उघडली. पहिल्या रविवारी थोडे लोक आले, दुसऱ्या रविवारी त्याहून कमी. तिसऱ्या आठवड्यात एका शाळेची सहल आली. तनुजा पलटणीची रचना समजावत होती आणि मुलं एकमेकांच्या टोप्या ओढत होती. त्यांच्या बाई कोपऱ्यात मोबाइल बघत होत्या. एक मुलगी मोठ्यानं म्हणाली, "इथं तर काहीच नाही." तनुजाला ते लागलं. वर्षभर राबून तिनं ज्या जागेचं सगळं शोधलं, त्या जागेत काहीच नाही! समोर उत्तरेकडची खिडकी होती. तिचा एक गज वाकलेला होता, बहुधा पोती चढवताना ट्रकचा धक्का लागून.

"तो गज दिसतो का?" ती म्हणाली. "तो का वाकलाय माहितीये?"

मुलं वळली.

"बंडाच्या वेळी इथं काही शिपायांना कोंडून ठेवलं होतं. पहाटे त्यांना तोफेपुढं नेणार होते. तबेल्यात एक मोतद्दार होता, घोड्यांना खरारा करणारा, साधा माणूस. त्यानं घोड्याच्या दोराला हा गज बांधला आणि ओढला..."

त्याचं नाव काय, असं एका मुलानं विचारलं. तनुजाच्या लहानपणी गावाकडं त्यांच्या शेतात कडुबा नावाचा सालगडी होता. तो तिला खांद्यावर बसवून विहिरीवर न्यायचा. तेच नाव तोंडात आलं.

"कडुबा. अजिंठ्याकडचा, डोंगरातल्या एका गावचा."

शिपाई निसटले, कडुबा मागं राहिला, त्याच खिडकीखाली त्याला गोळी घातली, अशी गोष्ट तिनं संपवली. मुलं गप्प उभी होती. टोप्या ओढणारा मुलगा पुढं आला आणि त्यानं गजावर हात ठेवला. एवढं शांत तनुजाला वर्गात कधी कुणी ऐकलं नव्हतं.

एकदाच सांगितलं, परत नाही सांगायचं, असं तिनं घरी जाताना ठरवलं. पण पुढच्या रविवारी त्याच शाळेतले दोन पालक आले आणि म्हणाले, "ती कडुबाची खिडकी कुठली?" नाही म्हणायला तिची जीभ वळली नाही. मग कुणीतरी तिचा व्हिडिओ काढला, त्याला मागं तुतारी जोडली आणि तो सगळीकडं फिरला. बराकीपुढं गाड्या लागायला लागल्या. अप्पारावांनी खिडकीशेजारी काळ्या दगडाचा फलक करायला टाकला आणि मजकूर तपासायला तिच्याकडं पाठवला. तेव्हा तरी थांबता आलं असतं. तिनं 'वीर' शब्दातली चुकलेली वेलांटी दुरुस्त केली आणि कागद परत दिला.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी एक जीप भरून माणसं आली. पुढं एक वाकलेली म्हातारी होती, पांढरं सुती लुगडं नेसलेली. तिचा हात धरून तिशीतला एक तरुण चालत होता.

"जयभीम मॅडम," तो म्हणाला. "मी संघपाल. सिल्लोडला आयटीआयमध्ये शिकवतो. ही माझी आजी, मनकर्णाबाई. आम्ही हिवरदरीचे. अजिंठ्याच्या घाटाच्या अलीकडं गाव आहे आमचं." जरा थांबून त्यानं म्हटलं, "कडुबा आमचा."

तनुजाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "म्हणजे?"

"आमच्या आजोबाच्या आजोबाचा बाप. छावणीत मोतद्दार हुता. परत नाही आला."

मनकर्णाबाई तोवर खिडकीपाशी पोचली होती. तिनं दगडी चौकटीवरून हात फिरवला, मग वाकून खालच्या फरशीला हात लावला. "हितंच का, बाई?" तिनं विचारलं.

सगळी माणसं तनुजाकडं बघत होती. संघपालची बायको सुलेखा मेणबत्त्या काढून हातात धरून उभी होती.

"हो," तनुजा म्हणाली. "इथंच."

त्यांनी मेणबत्त्या लावल्या, त्रिसरण म्हटलं. म्हातारीचा आवाज बारीक होता, पण शेवटपर्यंत टिकला. मग ती फरशीवरच बसली आणि तिनं तनुजाला जवळ बसायला लावलं.

"आमच्या घराला गावात काय म्हनत्यात माहीत हाय का तुला? घोडेचोराचं घर. कडुबा छावणीतून आला नाय, तर गावानं ठरवलं, सरकारी घोडं घेऊन पळाला. त्याच्या बायकोला कुनी दळन दिलं नाय, सुगीत कुनी खळ्यावर उभं केलं नाय. ती चार लेकरं घिऊन कशी जगली तिलाच ठाव. मी लगीन होऊन आले ना, तर वेशीवर पोरं खिंकाळली. घोड्यावानी. मला वाटलं, नव्या नवरीची मस्करी असंल. मग कळलं, हे रोजचंच हाय."

"मलाही," संघपाल खाली बघत म्हणाला. "सहावीत मी एक वर्ष शाळा सोडली होती. पोरं खिंकाळायची म्हणून."

"धर्म बदलला, घर बांधलं, पोरगं मास्तर झालं," म्हातारी म्हणाली, "पर भांडन झालं की घोडं येतंच मधी. आता नाय येनार. तुझ्यामुळं, बाई." तिनं तनुजाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि स्वतःच्या कपाळाशी नेला.

जाताना त्यांनी जीपमधून मक्याच्या कणसांचं पोतं आणि सीताफळांची पाटी उतरवली. गावात कार्यक्रम करणार होते, कडुबाच्या नावाची कमान उभारणार होते. मॅडमनी यायचंच. तनुजा बरं म्हणाली. जीप गेल्यावर ती कितीतरी वेळ मागच्या नळावर तोंड धूत राहिली.

घरी तिनं वडिलांना सांगितलं. काकासाहेब जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकलं.

"मग बिघडलं काय?" ते म्हणाले. "कुणाचं नुकसान झालं? उलट त्या घराला मान मिळाला."

"पण ते खोटं आहे, बाबा."

"त्यांच्यावरचा आळ तरी कुठं खरा होता? एक खोटं दुसऱ्यानं पुसलं. तू आता गप्प राहा. आणि ते सीताफळ कापून आण."

तिला हे पटावंसं वाटलं. पुढचे कितीतरी दिवस ती स्वतःला हेच सांगत राहिली आणि ते जवळजवळ पटतही आलं होतं. तरी त्या पाटीतलं एकही सीताफळ तिनं खाल्लं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी संघपाल स्वतः मोटार घेऊन तिला न्यायला आला. फुलंब्री मागं पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. तो आनंदात होता. आजीनं पहाटे उठून पुरण वाटलं, सुलेखानं नवीन साडी घेतली, कारभारी नावाचे गावचे सरपंच स्वतः पुढाकार घेताहेत, असं तो सांगत होता. ज्या कारभारींच्या घरासमोरून लहानपणी तो मान खाली घालून जायचा, त्यांनी परवा त्याला ओट्यावर बसवून चहा पाजला होता.

आता सांगायचं, असं तनुजानं दोनदा ठरवलं. एकदा सिल्लोडच्या चौकात गाडी थांबली तेव्हा तिनं तोंड उघडलंही. "संघपाल, एक बोलायचं होतं."

"बोला ना मॅडम."

त्याचा चेहरा इतका उजळ होता की ती म्हणाली, "तुमच्याकडं पाणी आहे का?"

त्यानं पाण्याची बाटली दिली.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. सगळं गाव जमलं होतं. बाया एका बाजूला, बापे एका बाजूला, आणि पुढच्या खुर्च्यांवर पागोटेवाली, टोपीवाली मोठी मंडळी. मनकर्णाबाईला मंचावर मधोमध बसवलं होतं. आपण त्या खुर्चीत बसलोय यावर तिचा अजून विश्वास बसला नव्हता. ती अगदी कडेला टेकली होती, कुणी ऊठ म्हटलं तर लगेच उठता यावं अशी. तनुजाला तिच्या शेजारी जागा दिली. म्हातारीनं पदराआडून तिचा हात धरला आणि सोडलाच नाही.

सत्कार झाले. मग सरपंच कारभारी बोलायला उठले. धिप्पाड माणूस, आवाज खणखणीत.

"आपल्या गावाचं नाव आज सगळ्या महाराष्ट्रात झालं," त्यांनी सुरुवात केली. "वीर कडुबानं ते केलं. आता एक गोष्ट मला बोलावी लागती. मनकर्णाबाईबद्दल मला आदर हाय. पर आमच्या भावकीत बी जुनी मानसं सांगतात, आमच्या पणजोबाचा एक चुलता कडुबा नावाचा हुता, आनि तोबी छावणीत चाकरीला गेला हुता. आता मोतद्दार म्हंजे घोडदळातला मानूस. तसलं धाडस कुनाच्या रक्तात आसतं, हे मी सांगायला नको. कमान गावाची हाय, तिच्यावर आडनाव कोनतं घालायचं एवढाच प्रश्न हाय."

मांडवात कुजबुज झाली. संघपाल मंचाच्या पायरीशी उभा होता. त्याचा चेहरा उतरला.

"सरपंच, हे आधी नाय बोलला तुम्ही," तो म्हणाला.

"भांडायचं नाय, संघपाल. आपल्याला वाद नको. ज्यांनी इतिहास शोधला त्या मॅडम हितं बसल्यात. त्यांनीच सांगावं. कोन्या घरचा हुता कडुबा? त्या म्हनतील ते गावाला मान्य."

कुणीतरी माइक तनुजाच्या हातात दिला. मनकर्णाबाईनं तिच्याकडं बघितलं. तिच्या बघण्यात शंका नव्हती. ही बाई आता सांगेल आणि विषय मिटेल, एवढंच त्यात होतं.

एकच शब्द पुरेसा होता. यांचा, एवढं म्हटलं असतं तर कारभारींना गप्प बसावं लागलं असतं. तनुजानं पुढं अनेकदा स्वतःला विचारलं की त्या क्षणी आपल्याला खरं बोलण्याचं बळ आलं, की नुसती भीती वाटली. कारभारी उद्या पुरावा मागतील, वर्तमानपत्रात येईल, कॉलेजात कळेल, अशी भीती. तिला या प्रश्नाचं उत्तर स्वतःलाही नीट देता आलं नाही.

"कुणाच्याच नाही," ती माइकमध्ये म्हणाली. "तसा कडुबा नव्हता. म्हणजे मला कुठं सापडला नाही. ती गोष्ट मी रचली. शाळेच्या मुलांसाठी सांगितली आणि... नंतर थांबवली नाही. चूक माझी आहे. मला माफ करा."

आधी कुणालाच कळलं नाही. पुढच्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला "काय म्हनली?" असं विचारत होता. मग ते मागंपर्यंत पसरत गेलं. तनुजाच्या हातातला हात सुटला. मनकर्णाबाईनं तो मांडीवर ठेवून घेतला होता.

आणि मांडवाच्या मागच्या बाजूनं, बाप्यांच्या गर्दीतून, कुणीतरी खिंकाळलं.

मग हसू फुटलं. आणखी एक खिंकाळला, मग तिसरा. कारभारी माइकवरून "ए, गप बसा रे!" म्हणत होते, पण त्यांचाही चेहरा हसू आवरणाऱ्या माणसासारखा झाला होता. संघपाल उडी मारून गर्दीत घुसला, दोघातिघांनी त्याला धरलं. सुलेखा मंचावर आली आणि आजेसासूला उठवून, तिच्या डोक्यावरचा पदर नीट करून, तिला खाली घेऊन गेली.

तनुजा त्यांच्या मागोमाग घरी गेली. जाऊ नये असं तिला वाटत होतं, पण न जाणं त्याहून वाईट झालं असतं. दोन खोल्यांचं सिमेंटचं घर होतं, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. चुलीशेजारी पुरणपोळ्यांची चळत फडक्यानं झाकून ठेवली होती. पाहुण्यांसाठी केलेल्या. कुणी पाहुणा आला नव्हता.

संघपालच्या सदऱ्याची बाही फाटली होती. तो दारातच तिच्यासमोर उभा राहिला.

"खोटं बोलायला तुम्हाला बराक सापडली," तो म्हणाला. "खरं बोलायला आमचाच मांडव सापडला का?"

"संघपाल, मी..."

"सकाळी दोन तास गाडीत बसला होता माझ्या शेजारी. त्याच्या आधी आमच्या घरी फोन करता आला असता. मी कार्यक्रम बंद केला असता, गुपचूप. कुणाला काही कळलं नसतं."

"मी सांगणार होते. सिल्लोडला."

"पाणी मागितलं तेव्हा?"

आतून मनकर्णाबाईचा आवाज आला, "तिला आत येऊ दे रं."

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. रडली नव्हती. तनुजा तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"तू त्या बराकीचे सगळे कागद वाचले म्हनती," मनकर्णाबाई म्हणाली.

"हो, आजी. जेवढे राहिलेत तेवढे."

"त्यात आमचा कडुबा नाय?"

"नाही. मोतद्दारांची नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत."

"आनि घोडं? घोडं चोरीला गेलं, ते हाय का लिव्हलेलं?"

हे तनुजाच्या कधी मनातही आलं नव्हतं. "नाही," ती म्हणाली. "घोड्यांचा हिशोब असायचा, पण मोतद्दारानं घोडा पळवल्याचं मी कुठंही वाचलं नाही."

"म्हंजे तेबी कुनीतरी रचलेलंच."

"असेल. बहुतेक तसंच असेल."

"मग ते का नाय सांगितलं मांडवात?" म्हातारीनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं. "माइक तुझ्या हातात हुता. सगळं गाव गप हुतं. तू तुझं खोटं तेवढं काढून घेतलं. त्यांचं तसंच ऱ्हाऊ दिलं."

मांडवातून निघाल्यापासून, एवढ्या लाजेतही, तनुजाच्या मनात कुठंतरी आपण शेवटी खरं बोललो असं एक समाधान होतं. तिला ते आत्ता दिसलं, आणि दिसल्याबरोबर त्याची किळस आली.

जाताना कुणी तिला सोडायला आलं नाही. ती फाट्यापर्यंत चालत गेली आणि काळीपिवळी जीपमधून सिल्लोडला आली.

अप्पारावांना तिनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं की फलक काढा. त्यांनी तिची समजूत घातली, मग चिडले. "गावातली गोष्ट गावात राहिली, मॅडम. इथं लोक तिकीट काढून येतात." तिनं काम सोडलं. वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, ते आतल्या पानावर चार ओळींत आलं. बराकीत दुसरी मुलगी ठेवली, अमृता नावाची. तिच्या गोष्टीत कडुबाला एक पांढरा घोडाही आहे, असं कॉलेजातल्या कुणीतरी तनुजाला सांगितलं. सांगणाऱ्याला ती गोष्ट मूळची कुणाची हे माहीत नव्हतं.

मनकर्णाबाईचा प्रश्न मात्र तिला सोडत नव्हता. तिनं सगळी टिपणं पुन्हा काढली, पुन्हा हैदराबादला जाऊन आली. काही नवीन मिळालं नाही, आणि तेच तिला हवं होतं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला ती हिवरदरीला गेली. या वेळी तिनं आधी संघपालला फोन केला आणि विचारलं. तो म्हणाला, "या. पण आम्ही बोलावलं असं म्हणू नका."

झेंडावंदन झालं, पाणीपट्टीचा विषय झाला. कारभारींनी तिला बोलायला वेळ दिला. तिनं उभं राहून सांगितलं, सरळ, कागद न बघता. बराकीचे जे कागद शिल्लक आहेत त्यात घोडा चोरीला गेल्याची नोंद नाही. मोतद्दार पळाल्याचीही नोंद नाही. त्या वर्षांत पटकीनं कितीतरी चाकरमाणसं मेली आणि त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. कडुबा त्यांच्यातला एक असेल. एका घराला पिढ्यान् पिढ्या चोर म्हणायला कुठलाही आधार नाही, आणि गावानं ते थांबवावं.

कारभारींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मिशीवरून हात फिरवला.

"मॅडम, तुमचं बरूबर असंल," ते म्हणाले. "पर मागल्या टायमाला तुम्हीच म्हनला, मी गोष्ट रचली. आता आम्ही तुमची कोनती गोष्ट खरी धरायची, तेवढं एकदा सांगून टाका."

सभा हसली. वाईट असं नाही, करमणूक झाल्यासारखी. पुढचा विषय शाळेच्या पत्र्यांचा होता, तो सुरू झाला. तनुजा उभीच होती. मग कुणीतरी सरकून जागा दिल्यासारखं केलं आणि ती त्या वाटेनं बाहेर पडली.

संघपालच्या घरी सुलेखानं तिला पाणी दिलं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. "आजी पडल्यात जरा," सुलेखा म्हणाली. "आताशा दिवसाबी झोपत्यात."

"उठवू नका," तनुजा म्हणाली. आपल्याला किती हायसं वाटलं हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं पेला खाली ठेवला.

संघपालनं तिला मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडलं. एसटी यायची होती. तो गाडीला टेकून उभा राहिला, ती वडाच्या पारावर बसली. मक्याची धाटं लादलेला एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ खाली बसायला वेळ लागला.

"मी सभेतच होतो," तो शेवटी म्हणाला. "मागं."

"मग ऐकलंत तुम्ही."

"हो."

"माझ्या बोलण्याचा काही उपयोग झाला नाही."

नाही कसा, झाला की, असं खोटं समाधान त्यानं दिलं नाही, याचं तिला बरं वाटलं. वळणावर लाल एसटी दिसली. तिनं पिशवी उचलली.

"आजीला सांगाल का," तिनं विचारलं, "मी काय बोलले ते?"

"तुम्ही आला होता आणि बोलला, एवढं सांगतो," संघपाल म्हणाला. "लोक हसले ते नाही सांगत."

एसटी थांबली. तनुजा चढली आणि तिला मागं जागा मिळाली. खिडकीतून तिनं बघितलं तेव्हा तो गाडी वळवून गावाच्या रस्त्याला लागला होता.